गणिताच्या वर्गात प्रयागबाई

जुन्नरजवळच्या छोट्या कॅथलिक कॉलेजात प्रा. सुदर्शन औटी गणित आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकवतात. यंदा गणिताच्या शेवटच्या वर्षाला हर्षाली एकटीच उरली. ती गेली तर वर्ग बंद, असं कॉलेजचे प्रमुख असलेल्या फादरांनी सांगितलं होतं. घरचे तिला कॉलेजातून काढणार असं कळल्यावर सर बोरी बुद्रुकला तिच्या घरी गेले.

"एकटी पोरगी, एकटा मास्तर. बरं दिसत न्हाई, राव," हर्षालीचे आजोबा म्हणाले.

"मग मी बसते की तिच्यासंगं," आजी प्रयागबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या बाकावर देवाच्या वाती वळत बसू लागल्या. फादरांनी हरकत घेतली नाही. सरांनी एकच सिद्धता पुन्हा समजावायला घेतली, तेव्हा प्रयागबाईंनी नातीकडे पाहिलं.

"अवो मास्तर, तिला कवाच कळलंय. फुडं चला."

सर पुढे गेले. वर्ग चालू आहे.