उभी राहणारी बाई

चौदा महिने मी एकटी परदेशात फिरले, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की सांगताना माझा आवाज आपोआप वर चढतो. व्हिएतनाम, जॉर्जिया, तुर्कस्तान, शेवटी पोर्तुगाल. पाठीवर एक सॅक आणि हॉस्टेलात भांडी घासून मिळवलेली खाट. मूल या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावातून असं कोणी गेलंच नव्हतं. फुशारकी मारायला मैदान मोकळं होतं, आणि मी मारली.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला बाया जोडीनं जातात. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात, उजाडता उजाडता वेचावी लागतात. एक वाकून वेचते. दुसरी काठी घेऊन उभी राहते, चारी बाजूंना बघते आणि सारखी बोलत राहते, कारण वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. अर्धी टोपली झाली की पाळी बदलते. उभ्या राहणारीचं लक्ष उडालं तर वेचणारीच्या जिवावर बेततं, म्हणून जिच्यावर भरवसा तिच्याशीच जोडी. कळायला लागल्यापासून आईची जोडी मी होते. मी गेल्यावर काकू तिच्यासाठी उभी राहू लागली.

पोर्तुगालात एका संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर सगळे आपापल्या गावाबद्दल सांगत होते. माझी पाळी आली आणि माझ्या अंगात आलं. मी इंग्रजीत ठोकून दिलं की आमच्या गावात बाईला एकटीला जंगलात पाऊल टाकू देत नाहीत, कायम कोणीतरी तिच्यावर पहारा ठेवतं, माझी आई जन्मभर तशीच जगली आणि मी ते तोडून निघाले. वाघाचं नावसुद्धा काढलं नाही. वाघ आला असता तर गोष्टीतली हवाच गेली असती ना! लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो व्हिडिओ मी मोठ्या हौसेनं सगळीकडे टाकला.

आणखी एक गाळलं होतं. जॉर्जियात मी तापानं फणफणले, तेव्हा गेस्टहाऊसची म्हातारी मालकीण तीन दिवस माझ्या उशाशी बसून होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तरी ती आपली बोलतच राहायची, आणि मी हुं केलं की तिला बरं वाटायचं. तिला गोष्टीत घेतलं असतं तर मी एकटी कशी उरले असते?

व्हिडिओ गावात पोचला. काकूच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं आमच्या अंगणात बसून त्याचं वाक्य न् वाक्य मराठीत सांगितलं. आईनं ऐकलं, काकूनं ऐकलं, मोहाला जाणाऱ्या बाकीच्या बायांनी ऐकलं. आई फोनवर त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, जेवली का एवढंच विचारायची. मला वाटलं, बरं झालं, कळलं नसेल.

गेल्या चैत्रात परत आले, तर पहिल्याच दिवशी काकू हसत हसत म्हणाली, "दोन मोसम तुह्या मायवर पहारा देऊन राह्यली मी, बाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो व्हिडिओ मी तिथल्या तिथे काढून टाकला, पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती. माफी कशी मागायची तेही सुचेना. म्हणून दुसऱ्या पहाटे काठी मीच उचलली आणि म्हटलं, आज काकूला झोपू दे, मी उभी राहते. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोपली घेतली. मला वाटलं, सुटले.

झाडाखाली आई वाकली. मी बोलू लागले, इकडचं तिकडचं, प्रवासातलं. मग झाडांमधून ऊन आलं, खाली पिवळसर फुलांचा सडा, त्यात आईची वाकलेली पाठ, आणि माझा हात खिशात गेला. एकच फोटो, म्हटलं. नीट यावा म्हणून दोन पावलं मागे सरले, काठी झाडाला टेकवली.

फोन खाली घेतला तेव्हा आई उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. माझा आवाज केव्हा बंद पडला ते मलाच कळलं नव्हतं. तिला कळलं होतं. ती रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय धरले असते. तिनं चालत येऊन काठी घेतली.

"तू वेच," ती म्हणाली. "मी राहतो उभी."

मी वाकले. लाजेनं कान तापले होते, फुलं धड दिसत नव्हती. मागे आई बोलत होती. काकूची शेळी व्याली, नागभीडच्या मावशीचे गुडघे दुखतात, यंदा फूल उशिरा गळलं. एकदाही थांबली नाही. अर्धी टोपली झाली तशी मी पाठ सरळ केली आणि काठीसाठी हात पुढे केला. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि गुडघ्यांचं पुढे सांगू लागली.

मी पुन्हा वाकले.