कच्ची दाढ
मुलांच्या दातांच्या त्या सरकारी दवाखान्यात तिला सगळे पकडबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण शोभायचं. खुर्चीत पोर बसलं की ती आधी त्याला गळ्यापासून पायांपर्यंत चादरीत गुंडाळायची, मग मागून दोन्ही गालांवर पंजे दाबून डोकं असं धरायची की पोराची काय बिशाद हलायची! डॉक्टर एकेका पोराला चार मिनिटांत मोकळं करत. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं, आणि आपण चांगलं काम करतो अशाच समजुतीत केलं.

मग गेल्या महिन्यात सगळ्यांना प्रशिक्षणाला बसवलं. डॉक्टर पहिल्या रांगेत बसून मोबाइल चाळत होते, पकडबाई मागे बसून ऐकत होती. पडद्यावर एक दाढ आली. पिवळट-तपकिरी, कडेनं खडूसारखी झडलेली. शिकवणारी म्हणाली, ही गोड खाऊन किडलेली नाही, कच्चीच उगवली आहे. मूल तान्हं असताना हिरडीच्या आत दाढेचं वरचं कवच घडत असतं, तेव्हा काहीतरी बिनसतं आणि ते भुसभुशीत राहतं. अशा दाढेला गार पाणीसुद्धा झोंबतं. भूलही बऱ्याचदा नीट लागत नाही. मूल दुखतंय म्हणालं, तर खरं माना.

पकडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या लेकीची दाढ हुबेहूब अशीच होती. आठव्या वर्षी याच खुर्चीत, याच डॉक्टरांनी ती काढली होती, आणि चादर तिनंच गुंडाळली होती. लेक किंचाळत होती आणि डॉक्टर म्हणाले होते, नाटक आहे. लेक आता चोवीस वर्षांची झाली, पण त्यानंतर दातांच्या दवाखान्याची पायरी तिनं चढलेली नाही. दुखलं की दुसऱ्या बाजूनं चावते.

त्या दिवसापासून पकडबाईचा राग नाकावरून खाली उतरेना. भिंतीवरचं हसऱ्या दातांचं चित्र दिसलं तरी तिचं डोकं फिरे. आयांना ‘चॉकलेट देता ना?’ म्हणून झापणाऱ्या डॉक्टरांचा तर आवाजही सोसवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी!

परवा एक बाप सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मागची नवी दाढ उगवून वर्षही झालं नव्हतं आणि तिचे पोपडे निघत होते. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं.

"घासत नाही, दुसरं काय!"

"नाही हो, मी स्वतः घासतो," बाप ओशाळून म्हणाला. "शाळेत म्हणाले दात घाण आहेत. तेव्हापासून कडक ब्रश आणलाय. रडते, तरी घासतो."

पकडबाईला त्या बापाची दया आली आणि त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं थांबले, यंत्र सुरू केलं. टोक दाढेला टेकताच पोरगी चादरीतल्या चादरीत ताठ झाली.

"दुखतंय!"

"इंजेक्शन दिलंय. काही दुखत नाही. बाई, घट्ट धरा."

पकडबाईनं हात काढले. नुसते काढले नाहीत, पुढं येऊन यंत्राचं बटण बंद केलं.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"तिला दुखतंय."

"दाढा इतकी वर्षं मी काढल्या की तुम्ही?"

"काढल्या तुम्ही. धरलं मी. आता नाही धरणार. प्रशिक्षणात सांगितलेलं ऐकलंत का तुम्ही? की मोबाइलच बघत होतात?"

डॉक्टर लालबुंद झाले. त्यांनी पुन्हा आरसा घातला आणि या वेळी दाढ बराच वेळ पाहिली. मग यंत्र बाजूला सारलं, दाढ कापसानं हळूच कोरडी केली, न कोरता बसणारं सिमेंट वर लावलं आणि बाकीच्या दाढांना फ्लोराइडचा लेप दिला. मऊ ब्रश, कोमट पाणी, पंधरा दिवसांनी परत या, एवढंच तुटकपणे सांगितलं. पोरगी स्वतःच्या पायांनी खुर्चीतून उतरली. पंधरा दिवसांनी येशील ना, असं पकडबाईनं विचारलं तर म्हणाली, "चादर नसेल तर येईन."

त्या संध्याकाळी पकडबाई तरातरा घरी गेली. लेक इस्त्री करत होती.

"तुला तेव्हा खरंच दुखत होतं," पकडबाई दारातूनच म्हणाली. "भूल लागलीच नव्हती. आणि तो मेला डॉक्टर म्हणतो, नाटक! आज चांगलं सुनावलं त्याला."

लेकीनं इस्त्री उभी ठेवली.

"नाटक डॉक्टर नव्हते म्हणाले, आई. मी ओरडले तेव्हा ते थांबले होते. त्यांनी तुला विचारलं, काय करू?" ती शांतपणे म्हणाली. "तू म्हणालीस, नाटक आहे, चालू द्या."

लेकीनं पुढचा सदरा घेतला आणि त्याची कॉलर नीट पसरली.