बेसवाल्याची गैरहजेरी

पद: ग्रंथबांधणी कारागीर, कायम. वय: बावन्न. ओळखखूण: डाव्या दंडावर गोंदलेली कवटी, आता बरीच सुरकुतलेली. अतिरिक्त जबाबदारी: 'वाचनाकडे वळा' उपक्रमांतर्गत ग्रंथालयात होणाऱ्या हेवी मेटल कार्यक्रमांत बेस गिटार वाजवणे. वाचनप्रसारातील योगदान: उल्लेखनीय. सदर इसमाने शेवटचं पुस्तक पुरतं वाचलं त्याला अकरा वर्षं झाली आहेत.

राहून गेलं, इतकंच. दिवसभर हात खळीत, संध्याकाळी तालीम, घरी गेल्यावर डोळे मिटायचे. बँड त्याने आणि घशाने तिशीच्या आत काढला होता. घसा म्हणजे गायक. तो गाताना नेमकं काय म्हणतो ते सव्वीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, म्हणून ते साहित्यिक असावं असा सर्वसाधारण समज होता. ग्रंथालयात अधूनमधून शनिवारी होणारे कार्यक्रम घशाच्याच डोक्यातून निघाले. दोन गाणी, मग कादंबरीचं एक पान, पुन्हा दोन गाणी. दुपारीच वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लागायची आणि खुर्च्या एकीवर एक चढायच्या. वाचनाचा प्रसार चालू असताना तिथे वाचायची सोय नसे.

शनिवारी वाचायला तसं एकच माणूस येई. निवृत्त नर्स, बाइंडर त्यांना मावशी म्हणे. बाकीचे दिवस नातवंडांचे. पाच खंडांची एक जुनी कादंबरी त्या तीन वर्षं वाचत होत्या. पानं इतकी ठिसूळ की पुस्तक घरी न्यायला बंदी. पाचवा खंड अर्ध्यावर आला आणि त्यांच्या मुलाची बदली झाली. महिनाअखेर त्याही बिऱ्हाडाबरोबर जाणार. शनिवार उरले तीन, आणि या खेपेला तिन्ही बँडने धरलेले.

मावशींनी तक्रार केली नाही. बांधणीच्या खोलीत येऊन एवढंच विचारलं, "तुमचं कितीला आटपतं रे?"

"सातला, मावशी."

"आणि ग्रंथालय बंद कितीला?"

"सातला."

बाइंडरने घशाकडे विषय काढला. कार्यक्रम रविवारी घेऊ या, एक बाई आहेत, वगैरे.

"एका बाईसाठी? अरे, आपण अडीचशे माणसं वाचनाकडे वळवतोय."

"त्या वळलेल्याच आहेत ना."

"मग त्यांची कशाला काळजी?"

पहिल्या शनिवारी बाइंडरने गिटार मंचावर टेकवून ठेवली आणि तो मागच्या मागे बांधणीच्या खोलीत आला. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारी मावशींना स्टूल दिलं. पण तिथला एकुलता एक दिवा पिवळा, मिणमिणता. मावशींना अक्षर दिसेना. तेव्हा तोच वाचू लागला. दुसऱ्या पानावर भिंतीपलीकडे ड्रम सुरू झाले. मावशींनी कानामागे हात धरला. त्याने आवाज चढवला. चौथ्या पानापर्यंत मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि कादंबरीतली विधवा हळूच खिडकीशी आल्याचं तो बोंबलून सांगत होता.

"जरा दमानं," मावशी म्हणाल्या. "घाबरून परत आत जाईल ती."

सातनंतर घसा घाम पुसत आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, की आज बेस काय बसला होता, गेल्या कित्येक वर्षांत असा बसला नव्हता. बाइंडरला बोलायला आवाजच उरला नव्हता. पुढचे दोन्ही शनिवार त्याने तसेच काढले. गिटार मंचावर, आपण आत. बायको रात्री गरम पाणी देई आणि म्हणे, गाणारा दुसरा आणि घसा तुमचा बसतो, हे कसलं वाद्य.

तीन शनिवारांचे मिळून आठशे एक वाचक अहवालात नोंदले गेले आणि उपक्रमाला मुदतवाढ मिळाली. मावशी सोमवारी सकाळी गेल्या. त्यांची एकवीस पानं राहिली.