अंतराळातली भुतं

मेहकरात आमच्या भिंतीपलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा राहतो. काही ठरवायचं असलं की आधी चष्मा पुसतो. वर्षभर तो एकाच गेमची वाट पाहत होता. अंधारं अंतराळयान, त्यात भुतं आणि आपल्या हाती बंदूक. "काकू, आपण सोताच अंदर असतो!" म्हणत त्यानं उजेड येऊ नये म्हणून खिडकीला बारदान ठोकलं.

गेम आला, दिवसभर डाउनलोड होत राहिला. थोडाच उरला असताना मी पोरीचा नर्सिंगचा फॉर्म ऑनलाइन भरून घ्यायला त्याच्याकडे गेले. शेवटचा दिवस होता आणि त्याचं नेट एका वेळी एकच काम ओढायचं. त्यानं चष्मा पुसला आणि डाउनलोड बंद केलं.

"पुन्हा पहिल्यापासून करा लागन ना रे तुले?" मी ओशाळून विचारलं.

"भुतं थांबतीन, काकू. तारीख नाही थांबत."

पोरगी आता नर्स आहे. भिंतीपलीकडे गोळीबार सुरू झाला, की आमच्याकडे कुणी कुरकुर करत नाही.