उभ्या घोड्याचा विमा

आमच्या घोड्याचा विमा होता. सोलापुरात त्या काळी माणसांचा विमा उतरवणारी घरंसुद्धा मोजकी, आणि आमच्या अण्णांनी घोड्याचा उतरवला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, वकील. अशील चहा पीत बसला की ते तबेल्याकडे हात करून म्हणत, "विमा आहे बरं का त्याचा." मग अशील बिचारा घोड्याला शिंगं फुटल्यासारखं त्याच्याकडे बघत बसे.

घोडा काही विकत घेतलेला नव्हता. नातेपुत्याकडच्या एका अशिलाने फीऐवजी आणून बांधला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आई तेव्हाच म्हणाली. पण समोरच्या बोळातल्या वकिलांनी टांगा ठेवला होता, तेव्हा आमच्याकडेही हवाच. आमच्या घरातल्या निम्म्या गोष्टी त्या वकिलांमुळे झाल्या. माझं शाळेत जाणंही त्यातलंच, कारण त्यांची मुलगी जात होती. ती पुढे सोडून बसली, मी मात्र रमले. इंग्रजी पाचवीपर्यंत आले होते आणि मला मॅट्रिक व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

शाळा लांब नव्हती. नवी पेठ ओलांडली की आलीच. पण वकिलाची मुलगी भर बाजारातून पायी गेली तर घराण्याचं नाक कापलं जाणार, म्हणून मी टांग्यातून जायची.

विमावाले हे मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे एजंट. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि पोह्यांवर खोबरं जरा जास्त लागायचं. पहिल्या वर्षी घोड्याच्या मानेवरून हात फिरवून ते म्हणाले, "वकीलसाहेब, हे जनावर नव्हे, ही तुमची अब्रू आहे." अण्णांनी लगेच अब्रूचा विमा उतरवला. दुसऱ्या वर्षी ते सुतकी चेहरा करून आले. रस्त्यावर मोटारी वाढल्या, घोडे बिथरतात, पाय मोडतात, कंपनीला परवडत नाही, म्हणून हप्ता वाढला. तिसऱ्या वर्षी घोड्याचं वय वाढलं, म्हणून पुन्हा वाढला. मोटारी कमी होणार नव्हत्या आणि घोडा तरणा होणार नव्हता, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते मला त्या वयातही दिसत होतं. दिवसभर कोर्टात दुसऱ्यांची भांडणं भांडणारे अण्णा त्या टोपीवाल्यापुढे मात्र हूं की चूं करत नसत. विमा सोडला तर अशिलांना दाखवायचं काय, ही त्यांची पंचाईत होती.

मग काटकसर सुरू झाली, आणि ती घोड्यापासूनच. त्याचा हरभरा अर्ध्यावर आला. घोड्याचं सगळं बघणारा आणि टांगा हाकणारा आमचा म्हातारा मोतद्दार म्हणाला, "मालक, दाना तोडला तर जनावर वडंल कसं?" अण्णा म्हणाले, "विमा आहे." घोडा मेला तर पैसे मिळावेत म्हणून जित्या घोड्याच्या तोंडचा घास काढायचा, यात त्यांना काही विपरीत वाटलं नाही.

पुढच्या वर्षी विमावाल्यांनीच तोड सुचवली. घोडा रस्त्यावर जुंपलाच नाही, नुसता तबेल्यात उभा ठेवला, तर हप्ता निम्म्यावर येतो म्हणे. अण्णांनी आनंदाने तसं कबूल केलं. जूनमध्ये शाळा उघडली आणि आमचा घोडा खुंट्याला उभा राहिला.

आता वकीलसाहेब कोर्टात कसे जाणार? भाड्याच्या टांग्याने. स्वतःचा टांगा दाराशी, स्वतःचा घोडा तबेल्यात, आणि हे पगडी सावरत परक्याच्या टांग्यात चढायचे. असला शहाणपणा बघून शेजारपाजारचे तोंड लपवून हसत, आणि अण्णांना वाटे की ते आदराने मान खाली घालतात. मला मात्र भाड्याचा टांगाही नाही. परक्या माणसाच्या टांग्यात मुलगी कशी बसवायची? पायी तर नाहीच. म्हणजे घरी. घोड्याचे पाय उभ्याउभ्या सुजले, आणि मी स्वयंपाकघरात डाळी निवडत बसले. शाळेतल्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, की दिवाळीच्या सुटीआधी आली तर ठीक, नाहीतर पटावरून नाव कमी करावं लागेल. अण्णा म्हणाले, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरातल्या मांजरालाही ठाऊक होता.

मग दसरा आला. दसऱ्याला ज्याच्या दारी घोडा आहे त्याने त्याला धुवायचं, झेंडूची माळ घालायची, घरच्या बाईने ओवाळायचं. तिथवर सगळं ठीक झालं. पण संध्याकाळी सीमोल्लंघनाला गावाबाहेर शमीच्या झाडाकडे टांगे निघाले, आणि समोरचे वकील नव्या लगामाला गोंडे लावून आमच्या दारावरून गेले. अण्णा ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी मोतद्दाराला म्हणाले, "जुंप."

आई अजून निरांजन हातात घेऊन उभी होती. "विमा उभ्या घोड्याचा आहे ना?" तिने विचारलं.

"सणाला कसला आलाय विमा?" अण्णा म्हणाले.

मी मागच्या बाजूला बसले. शाळेसाठी जो घोडा पावसाळाभर हलला नव्हता, तो आता माळ मिरवायला चालला होता, तोही लंगडत. मला घोड्याची दया आली आणि अण्णांची किळस आली. बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण आली.

शमीपाशी पहिले भेटले ते विमावाले. ते काही मुंबईला राहत नव्हते, सोलापुरातच राहत होते, आणि दसऱ्याला सगळं सोलापूर तिथे येतं. एवढी गोष्ट वकिलीची सनद घेतलेल्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणत त्यांनी आपट्याची पानं अण्णांच्या हातावर ठेवली आणि मग टांग्याकडे पाहिलं. "जुंपलात वाटतं?"

"ही रूढी आहे," अण्णा म्हणाले. "रूढी म्हणजे वापर नव्हे."

"तसं कळवतो कंपनीला," विमावाले म्हणाले आणि दुसऱ्या कुणाला सोनं द्यायला निघून गेले.

चार दिवसांनी ते घरी आले. पोहे खाल्ले. मग म्हणाले, एक तर रस्त्यावर जुंपलेल्या घोड्याचा वर्षभराचा पुरा हप्ता भरा, नाहीतर विमा गेला. मी माजघरात ऐकत होते आणि माझा जीव सुपाएवढा झाला, कारण काहीही झालं तरी घोडा आता सुटणार होता. ते गेल्यावर आई म्हणाली, "जाऊ द्या तो विमा. घोडा जुंपू, पोर शाळेत जाईल." इतकं सोपं होतं. पण हप्ता झेपत नव्हता आणि बिनविम्याचा घोडा दारात बांधायला अण्णांना लाज वाटत होती. सुंभ जळला तरी पीळ जातो कुठे? त्यांनी घोडाच विकायला काढला आणि गावभर सांगितलं, की टांग्याचे दिवस संपले, आता मोटारच घेणार.

मंगळवेढ्याचा एक शेतकरी आला. घोड्याचे पाय चाचपून म्हणाला, "लई उभा ऱ्हायलाय की वो ह्यो." अण्णांनी त्यालाही विम्याचं सांगितलं. तो म्हणाला, "इमा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. खोगीर हाय का?" खोगीर नव्हतं. तो घोड्याला हाताने धरून घेऊन गेला. मोटार आमच्या दारात कधीच आली नाही.

शाळेला सुटी लागायला दोनतीन दिवस उरले होते. सकाळी आईने अंगावर शाल घेतली, माझ्या हातात पुस्तकं दिली आणि अण्णांना म्हणाली, "हिला शाळेत पोचवून येते."

"पायी?"

"घोडा नाही. तेव्हा पायीच."

"नव्या पेठेतून? अख्खी पेठ बघत राहील. लोक काय म्हणतील याचा काही विचार?"

आईने माझा हात धरला आणि उंबरठा ओलांडला. लग्न होऊन आल्यापासून ती पेठेत पायी कधी गेली नव्हती.

पेठेत दिवाळीची गर्दी होती. मी मान खाली घालून चालत होते. बऱ्याच वेळाने धीर करून वर पाहिलं. कापडवाला गजाने खण मोजत होता. सोनार फुंकणीने निखारा फुलवत होता. पाठीवर गठ्ठा घेतलेला हमाल आईला म्हणाला, "सरका बाई," आणि पुढे गेला. तेवढंच. आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. आम्ही कोण, कुणाच्या, टांगा आहे की नाही, याचं त्या पेठेत कुणालाही सोयरसुतक नव्हतं.

आई मधेच थांबली. मला वाटलं, घाबरली. तिने दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे नीट बघून घेतलं.

"ह्यांना भिऊन बसले होते मी इतकी वर्षं?" ती म्हणाली, आणि इतकी झपझप चालू लागली की मला तिच्या मागून पळावं लागलं.