उर्टेच्या शब्दापुढचा तारा

ट्राउगोट हेनिश लाइपझिगच्या आमच्या छापखान्यात अडतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन, सगळं सफाईने जुळवायचा. संस्कृत-ग्रीकातलं काडीचंही कळायचं नाही. आमचा धंदाच तसा. हस्तलिखितात असेल ते जुळवा, अक्कल घरी ठेवा. स्वतःच्या मनाने एक खिळा बदलला की नोकरी गेलीच.

तेव्हा प्रोफेसर आल्बरुस यांचा मूळ धातूंचा कोश छपाईला होता. या सगळ्या भाषांची म्हणे एकच आई. लेकींच्या बोलण्यावरून आईचे शब्द हे ताडणार. जो शब्द कुणी ऐकला-वाचला नाही, नुसता ताडलेला, त्याच्या आधी तारा. पानापानावर चांदण्याच चांदण्या! माझी तर बोटं वैतागली होती.

एका सोमवारी प्रोफेसर प्रूफ घेऊन तरातरा आले. "माझा तारा कुणी खाल्ला?"

एका ताडलेल्या लिथुआनियन शब्दापुढचा तारा गायब होता. फोरमन रोस्नर लालबुंद झाला. "हेनिश, खिळा पडला म्हण. पडला म्हण, बाबा!"

मीही त्याला कोपराने ढोसलं.

"पडला नाही, मी काढला. तारा म्हणजे कुणी न ऐकलेला, होय ना साहेब? मी ऐकलाय. एकवीस वर्षं, दर शनिवारी."

"कुणाकडून?"

"बायकोकडून. उर्टे. टिल्झिटकडची, लिथुआनियन बोलायची. काथवटीतलं पीठ खरवडताना या शब्दाने माझ्यावर ओरडायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर हा शब्द भेटला तो तुमच्या कागदावरच."

गाढव कुठला! साठीला टेकलेला माणूस, आता नोकरी घालवून बसणार. माझा जीव तुटत होता.

प्रोफेसर स्टुलावर टेकले. "या शब्दापायी सगळे मला हसतात, हेनिश. म्हणतात, असा शब्द नाहीच. कशी ओरडायची? म्हणा बघू."

ट्राउगोटने उर्टेची अख्खी बोलणी म्हणून दाखवली, तिच्याच चढ्या सुरात. प्रोफेसरांनी तीनदा म्हणवून घेतली.

"तारा नको," प्रोफेसर म्हणाले. "खाली तिचं नाव घाला."

"तेवढं लिहून द्या साहेब," रोस्नर म्हणाला. "हस्तलिखिताशिवाय आमच्याकडे काही जुळवत नाहीत."

प्रोफेसर खिशात पेन्सिल शोधेपर्यंत ट्राउगोटची ओळ जुळून झाली होती: 'उर्टे हेनिश हिच्या तोंडून ऐकलेला.' रोस्नरने ती दोनदा तपासली आणि पानात बसवली.