डागवाले भाऊजी

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत मिळून लेकरांच्या झबल्यांवर आजवर जे काही सांडलं असेल, त्यातलं निम्मं तरी आमच्या भाऊजींच्या हातून धुतलं गेलं आहे, असं मी कुणाशीही पैज लावून सांगेन. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून हयात घालवली आणि निवृत्त होऊन अकोल्याच्या घरी बसले. बसले हा शब्दही तसा चुकीचाच. गल्लीत कुठे बाळ जेवायला बसलं आहे अशी नुसती कुणकुण लागली, तरी ते उठतात. बाळ पाहायला गेलेली माणसं नाक कुणाचं, डोळे कुणाचे याची चर्चा करतात. भाऊजींची नजर थेट गळ्याखाली जाते. "वरण आहे, अन् कालचं आहे," असं ते फलाटावर गाडी लागल्याच्या आवाजात जाहीर करतात, आणि बाळाची आई ओशाळून काही बोलायच्या आत झबलं त्यांच्या हातात आलेलं असतं.

त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय आमच्या घरातल्या कुठल्याही बाळंतिणीची सुटका झालेली नाही. डाग चोळायचा नाही, कापड उलटं करून मागून थंड पाण्याची धार सोडायची, म्हणजे तो आल्या वाटेनं परत जातो. दुधाला गरम पाणी दाखवायचं नाही. दाखवलं की तो डाग घरजावई होतो, मग काही केल्या हलत नाही. तुपातेलाला भांड्यांचा साबण. बाळाला देतात त्या लोहाच्या औषधाच्या तांबड्या थेंबांना लिंबू आणि मीठ. आणि हळद? हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. नव्या आया तिथेच धीर सोडतात. "घाबराचं नाई," भाऊजी समजावतात, "हळद साबणावर रागावते. उन्हापुढं तिचं काई चालत नाई." हे ऊनसुद्धा अकोल्याचंच हवं. अमरावतीला भर मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय भाजत असताना त्यांनी मला सांगितलं होतं की तुमच्याकडं सावली जरा जास्तच पडते. त्यामुळे अमरावतीला राहणाऱ्या नातवाचे कपडे ते पिशवीत भरून एसटीनं अकोल्याला न्यायचे आणि वाळवून परत आणायचे. पिशवीत काय आहे असं एका कंडक्टरनं विचारलं, तेव्हा "नातवाचं वरण" असं उत्तर देऊन त्यांनी त्याला बराच वेळ विचारात पाडलं होतं.

हिवरखेडच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. पंगतीत नवरदेवाच्या पुतण्यानं शेरवानीवर वांग्याचा रस्सा सांडला. त्याची आई स्टेजवर आहेर घेत होती. तिला विचारत बसलं तर रस्सा मुरेल, अशा काळजीनं भाऊजींनी परस्पर त्या पोराला शेरवानीतून सोलून काढलं. फोटोसाठी सगळे जमले तेव्हा पोरगं बनियनवर आणि शेरवानी मांडवाच्या दोरीवर. वरपक्ष चिडला, फोटोवाला खोळंबला, आणि भाऊजी दोरीखाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला डाग कुठे होता ते दाखवत होते. अर्थात तो कुणालाच सापडला नाही.

अशा माणसाला नातू झाल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. माझा भाचा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याची बायको, म्हणजे भाऊजींची सून, मूळची बाळापूरची, अमरावतीत बँकेत नोकरी करते. मुलगी गुणी, पण आपल्या मताची. लेकरानं आपल्या हातानं, हवं तसं माखून जेवावं, असं तिचं मत. भाऊजींचा त्याला विरोध नव्हता. अमरावतीला मुक्कामाला आले की ते फक्त ओलं फडकं घेऊन समोर उकिडवे बसायचे आणि प्रत्येक घासानंतर पुसायचे. आधी तोंड, मग हनुवटी, मग हात, मग पोट. नातू वर्षाचा झाला आणि एक दिवस त्यानं आजोबांना पाहून ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊजी भाजी आणायला बाहेर पडले की हा वाटीभर खिचडी संपवायचा; ते फडकं घेऊन आले की मान फिरवायचा. सुनेच्या हे लक्षात आलं, पण सासऱ्याला सांगायचं कसं? तिनं मला सांगितलं. मी थट्टेवारीनं सुचवून पाहिलं, पण भाऊजींना थट्टा कळली आणि मुद्दा निसटला. शेवटी एका दुपारी तीच त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, राग नका येऊ देऊ," ती म्हणाली. "तो तुमाले पाहून तोंड मिटून घेते. त्याले जेवाचीच भीती वाटून राहिली."

भाऊजी उठले. फडकं पिळलं, झटकून दोरीवर टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. मग बरेच दिवस आलेच नाहीत. फोनवर ताई सांगायची की हे हल्ली गल्लीतल्या लेकरांकडेही फिरकत नाहीत. शेजारचं पोरगं परवा बिस्किटानं माखून दारात आलं, तर यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. सून रोज फोन करायची. भाऊजी तब्येत विचारायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि फोन ताईकडे द्यायचे. सुनेला वाटायचं, आपण म्हातारा माणूस दुखावला. माझ्यापाशी ती एकदा रडलीसुद्धा.

आंब्याच्या दिवसांत एका रविवारी ते न कळवता आले. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. मी तिथेच होतो. हातपाय धुऊन ते नातवासमोर मांडी घालून बसले आणि सुनेला म्हणाले, "रस आन व माय. वाटी त्याच्याच पुढं ठेव." मग दोन्ही तळहात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून घेतले. नातवानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. भाऊजी हलले नाहीत. सून दाराशी पदराचं टोक पिळत उभी. थोड्या वेळानं भाऊजी हळूच म्हणाले, "मी नाई पुसत." पोराला काय कळणार? तेव्हा भाऊजींनी एक हात सोडवला, चार बोटं रसात बुडवली आणि आपल्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत ओढली.

नातू बघतच राहिला. मग असा खदखदून हसला की त्याचे नुकते आलेले दात दिसले, आणि त्यानं कोपरापर्यंत हात वाटीत घातला. त्यानं स्वतः खाल्लं, आजोबांना खाऊ घातलं, भिंतीला थोडं दिलं. भाऊजींच्या मिशांतून रस ओघळत होता. सुनेनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, अजून आनू का?" जेवण संपल्यावर पुढचा तासभर न्हाणीघरातून भाऊजींचा आवाज येत होता. रसाच्या डागावर ते सुनेला व्याख्यान देत होते आणि ती बादली धरून ऐकत होती.

नातू आता शाळेत जातो. चमच्यानं जेवतो, गळ्याला रुमाल लावतो, तोंड मिटून चावतो. गेल्या दिवाळीला सगळे अकोल्याला जमलो होतो. तो जेवून उठला की भाऊजी त्याचा शर्ट उजेडाकडे धरून पुढूनमागून पाहायचे. काहीच नसायचं. "शायेनं वयन चांगलं लावलं," असं शाळेच्या वळणाचं कौतुक केल्यासारखं करून ते शर्ट ठेवून द्यायचे. भाऊबीजेला बेसनाच्या पाटोडीचा रस्सा होता. वाढता वाढता सुनेनं मुलाच्या ताटातला चमचा उचलला आणि आत घेऊन गेली. चमचा कुठे गेला असं त्यानं विचारलं, तर म्हणाली की आजोबांच्या घरी हातानंच जेवायचं असतं. पोरगं जरा अवघडलं, पण भूक लागली होती. पहिल्याच घासाला बाहीवर ओघळ आला. भाऊजी स्वतःचं जेवण सोडून त्याच्याकडे पाहत बसले होते. ताई म्हणाली, तुमचं निवून राहिलं. ते म्हणाले, "त्याचं होऊ दे आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो, तर भाऊजी नळाखाली तो छोटा शर्ट घेऊन बसले होते. डाग एवढासा होता. पण ते बराच वेळ धूत बसले.